लाल दोऱ्याची बरणी

नोएडा, सेक्टर ५१
२० एप्रिल

चि. सौ. कुमुद हिस,
द्वारकाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी तुझी थोरली बहीण. आठवत नसेल तर दिनकररावांना विचार, त्यांच्या लक्षात असतं. मी तुझ्याकडे मोहरीची डाळ मागितली होती, दोन पत्रांत मिळून तीन वेळा. परवा तुझं पार्सल फोडलं तर आत राजगिरा. चांगला दोन किलो. आम्ही घरात चार माणसं, त्यात उपास करणारी मी एकटी, आणि मीसुद्धा आता डॉक्टरांच्या हुकमाने फक्त एकादशीच धरते. पोरींना तीस वर्षं शाळेत पाढे पाठ करायला लावणाऱ्या बाईंचं हे असं झालेलं बघून जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

फोन का करत नाहीस असं तू विचारलं आहेस. फोनवर तू बोलता बोलता टीव्ही बघतेस, ते मला मिरजेहून इथे ऐकू येतं. पत्र कसं, पुन्हा वाचता येतं. लेखनिक नेहमीचीच, आमची मीनाक्षी. सुनेच्या तक्रारी सुनेच्याच हातून लिहून घेणारी सासू मी एकटीच असेन. पण ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं आणि मन मोठं.

(मावशी, ‘मन मोठं’ हे मी घातलं. आईंनी अक्षरापर्यंतच सांगितलं होतं. – मीनाक्षी)

आता मुद्द्याचं. अक्षयाचं लग्न आठ जूनला ठरलं, हे तुला कळवलं होतंच. प्रश्न आहे रुखवताचा. आपल्याकडे नवरीकडच्या बायकांनी उन्हाळाभर राबून केलेलं मांडवात मांडायचं, बरण्या, कुरडया, सांडगे, आणि वरातीबरोबर पाठवायचं. अक्षयाने एक इव्हेंटवाली बाई शोधून काढली आहे. ती रुखवत भाड्याने देते. थर्माकोलची तुळस, थर्माकोलची बैलगाडी आणि दहा बरण्या, सगळ्या रिकाम्या, गळ्याला रिबन. मी म्हटलं, मग नवरीही तिच्याकडूनच आणा, आमची पोर घरीच राहू दे. त्यावर अक्षया म्हणते, आजी यार, फोटोत बरणी भरलेली आहे की रिकामी ते कुणाला दिसतं.

उल्हास माझा लेक असला तरी आधी सरकारी अधिकारी आहे. त्याने तोडगा काढला, की सॅम्पल पाठवू. म्हणजे माझ्या साखरांब्याची एक बरणी मुलाकडे पाठवायची. पसंत पडली तर सगळं रुखवत घरचं, नाही पडली तर थर्माकोल. पसंती कुणाची, तर मुलाच्या आजीची. अलकनंदाबाई नाव. हिंदूराव भागात राहतात, मूळ ग्वाल्हेरच्या, चार पिढ्या दिल्लीत. त्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात कुकरची शिट्टी होत नाही म्हणतात.

तेव्हा दोन दिवसांमागे पहिल्या कैऱ्या किसल्या. एका बरणीत साखर घालून साखरांब्याचा कीस, एकीत नुसत्या मिठातला, वर्षभर आमटीत टाकायला. दोन्ही बरण्या चिनी मातीच्या, एकाच मापाच्या, दोन्हींवर मलमलीचा दादरा. एकवीस दिवस उन्हात. गोडाला लाल दोरा, खारटाला काळा, आणि उन्हाच्या दर दिवसाला दोऱ्याला एक गाठ. मला लिहिता येत नाही म्हणून माझं काही अडत नाही, हे तुझ्या शाळेतल्या बाईंना कळवायचं राहिलंच होतं.

मोहरीची डाळ पाठव. मो-ह-री. लोभ आहेच, तो पार्सलातही दिसू दे.

तुझी
अक्का


मिरज
२८ एप्रिल

ती. अक्कास,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

राजगिऱ्याबद्दल क्षमा. दोन्ही डबे एका फळीवर होते आणि चष्मा दुसऱ्या खोलीत. आज मोहरीची डाळ पाठवली आहे. पार्सल बांधताना ह्यांना समोर बसवून, चाखायला लावून खात्री करून घेतली. ते अजून पाणी पीत आहेत.

रुखवताचं वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. तू अक्षयावर रागावू नकोस. ह्या मुलींनी बरणी रिकामी होताना पाहिलेली नाही, त्यांना ती नेहमी भरलेलीच मिळाली. रिकामी बरणी त्यांना शोभेची वस्तू वाटते.

एक मात्र हक्काने सांगते. दोऱ्याची खूण आपल्या आईच्या माजघरात ठीक होती. तिथे आई, तू आणि मांजर, तिघींनाच त्या बरण्यांशी काम. आता घरात चार माणसं, त्यातल्या तिघांना दोऱ्याची भाषा येत नाही, आणि बरणी जायची परक्या घरी. मीनाक्षीला सांग, चिठ्ठ्या लिहून चिकटव. तुला शिकवायला मी साठ वर्षांपूर्वी पाटी घेऊन बसले होते, तेव्हा तू त्या पाटीवर वड्या थापल्यास. निदान आता तरी अक्षरांना घरात येऊ दे.

मिरच्या भरायला घेतल्यास का? ताकात घालायच्या आधी देठ काढू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव, वाढवलास तर तक्रार नाही.

तुझी
कुमुद


नोएडा
११ मे

चि. सौ. कुमुद हिस, अनेक आशीर्वाद.

डाळ पोचली. दिनकररावांना ताक पाज.

तू मला मिरच्यांचे देठ शिकवणार असशील तर आता मीही तुला पाढे विचारते. मिरच्या देठासकटच भरल्या, मेथी, धणे, मीठ, आणि ताकातून काढून गच्चीवर वाळत टाकल्या. गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी लागते. मी स्वतः गेले. हिंदीत बोलले. माझं हिंदी ऐकून तो पाच मिनिटांत हो म्हणाला, मला वाटतं मी लवकर जावं म्हणून.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी माकडं आली. इथे माकडं कुत्र्यांइतकी झाली आहेत, कुणी त्यांचं काही मानत नाही. एका टोळीने अख्खं ताट उचललं. पुढचं मी पाहिलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या बाईने पाहिलं. म्हणते, माकडांनी एकेक मिरची चावली, एकमेकांकडे बघितलं आणि एका ओळीने धावत जाऊन सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये तोंडं बुडवून बसली. तिथे त्या वेळी लहान मुलांचा पोहण्याचा क्लास चालू होता. मुलं बाहेर आली, माकडं आत. मास्तरांना वाटलं नवीन बॅच आली.

(मावशी, मास्तरांचं आईंनी रचलेलं आहे. बाकी बिल्कुल खरं. – मीनाक्षी)

झालं, गच्चीला कुलूप. दारावर नोटीस, गच्चीवर खाद्यपदार्थ वाळवू नयेत. माझं नाव नाही टाकलं, पण लिफ्टमध्ये सगळे मला वाट देतात.

उरलेल्या मिरच्यांचं काय, तर उल्हासने डोकं लावलं. एसीचा जो डबा बाहेर बाल्कनीत असतो, त्यातून गरम झोत येतो. ताट त्याच्यासमोर. मिरच्या काय सुरेख वाळल्या म्हणून सांगू. पण त्यासाठी एसी दिवसभर जोरात चालवावा लागला. बाहेर पंचेचाळीस अंश, लोक झाडाखाली लोळताहेत, आणि आम्ही घरात स्वेटर घालून बसलेलो. कुरिअरवाला आला, त्याने उल्हासची कानटोपी पाहिली आणि सही न घेताच गेला. शेजारचे गृहस्थ मात्र तेव्हापासून शिंकताहेत.

माकडं एकदा बाल्कनीतही डोकावली. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, त्यांना काय. उल्हासने घाबरून ऊन खात असलेल्या माझ्या दोन्ही बरण्या काखोटीला मारल्या आणि आत आणून ठेवल्या. बरणीला धक्का लागला नाही, त्याला लागला.

आणि तुझा सल्ला ऐकला हो. अक्षयाने कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या छापल्या, पानाफुलांच्या, वर ‘साखरांबा’ असं वळणदार लिहिलेलं. मीनाक्षीने मला वाचून दाखवलं. माझे दोरे काढून टाकले. अक्षयाचं म्हणणं, फोटोत ते दृष्ट काढल्यासारखं दिसतं. एकवीस गाठींचा दोरा मी कात्रीने कापू दिला, तुझ्या शब्दाखातर.

काल बरणी हिंदूरावला गेली. चाखून बघितली का असं विचारू नकोस, रुखवताची बरणी आपण चाखत नाही, उष्टी होते. आता अलकनंदाबाई काय म्हणतात त्याच्यावर सगळं.

लोभाला झाकण लावू नये, ही विनंती.

अक्का


नोएडा
१७ मे

कुमे,

आशीर्वाद वगैरे नंतर. घात झाला.

काल जेवताना उल्हास सहज म्हणाला, की चार दिवस आमटी जरा गोड होते आहे, मीनाक्षीने गुजराती पद्धतीची धरली आहे का. चार दिवस. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेला माणूस, समोर आलं त्यावर सही करतो, वाचत नाही. मीनाक्षी म्हणाली, गोड कसली, आईंच्या मिठातल्या किसाचा चमचा घालते रोज. मी उठले, बरणीत बोट घातलं, चाटलं.

साखरांबा. आणि काय साखरांबा झाला होता म्हणून सांगू, एकतारी, सोन्यासारखा. असा गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता. तो आम्ही तुरीच्या डाळीत घातला.

म्हणजे हिंदूरावला काय गेलं ते तुला सांगायला नको. मिठाचा कीस, वर फुलांची चिठ्ठी.

(मावशी, चूक माझी आहे. मी दोन्ही दोरे एकदम कापले आणि उजवीकडची बरणी गोडाची असं मनात धरून चिठ्ठ्या लावल्या. माकडांच्या दिवशी ह्यांनी बरण्या आत आणताना उलट्या ठेवल्या होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. आई मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त लागतंय. – मीनाक्षी)

मी बोलले नाही कारण मला मीनाक्षीची चूक दिसत नाही. मला तुझी दिसते आहे.

मी उल्हासला म्हटलं, जा आणि बरणी बदलून आण. तो म्हणतो, आई, घरातली बरणी अर्धी आमटीत गेली, उघडलेली, उष्टी, ती कशी न्यायची. शिवाय काय सांगून बदलायची. अक्षयाला तर अजून माहीतच नाही. तिकडून सात दिवस फोन नाही. समर्थ, म्हणजे नवरा मुलगा, रोज अक्षयाशी तासभर बोलतो, पण आजीच्या बरणीबद्दल अवाक्षर नाही. चांगल्या घरातली माणसं, तोंडावर काही बोलायची नाहीत. आणि इव्हेंटवाली तारीख पक्की करायला सारखी मेसेज पाठवते आहे.

कुमुद, थर्माकोलचं मला इतकं का लागतं ते अक्षयाला समजावता येत नाही, तुला सांगते. लग्न झालं की ती बंगलोरला जाणार. तिथे तुझं पत्र जाईल, मीनाक्षीचा मेसेज जाईल. माझं काय जाणार. सांगून लिहवलेल्या पत्रात नातीला मनातलं लिहिता येत नाही, मधे तिची आई बसलेली असते. माझी बरणी हेच माझं पत्र. आणि पहिलंच असं गेलं, खारट.

लगेच लिही. शिव्या घालायच्या असतील तर मीनाक्षीला मोठ्याने वाचता येतील अशा घाल.

अक्का


हिंदूराव, दिल्ली
१९ मे

श्रीमती द्वारकाबाई यांस,
अलकनंदा हिचा स. न. वि. वि.

पत्र पाठवण्यास विलंब झाला त्याबद्दल राग नसावा. हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे व आपल्या नावाने बंद पाकिटात पाठवत आहे. आपण एकांतात वाचून फाडून टाकावे. अन्य कोणाच्या दृष्टीस पडू नये, विशेषतः सुनांच्या.

आपणांस बहुधा कळले असेल, की मला सहा वर्षांपासून साखरेचा विकार आहे. घरातील मंडळी माझी फार काळजी घेतात. इतकी की सकाळी दलिया, दुपारी दुधी, रात्री दुधीच. आपली बरणी आली, त्यावर ‘साखरांबा’ वाचताच माझ्या सुनेने ती वरच्या फळीवर ठेवली व मला सांगितले, की ही आपल्यासाठी नाही. बाकी सर्वजण वजन उतरवण्याच्या मागे असल्याने त्यांनीही तिला हात लावला नाही.

मी शहात्तर वर्षांची आहे. दुपारी सर्व निजले असता मी स्टुलावर चढले. एक चमचा तोंडात घातला. मग मी स्टुलावरच बसले.

प्रथम मला राग आला. पण बोलणार कोणास? बोलले असते तर चोरी उघडी पडली असती. म्हणून रात्रीचा दुधी ताटात आल्यावर तोच कीस चिमूटभर त्यावर घातला, वाया जाऊ नये एवढ्यापुरता. द्वारकाबाई, सहा वर्षांनी मला दुधीची चव कळली.

मग मला उमगले, की हे चुकून घडलेले नाही. ज्या घरात म्हातारीला चोरून खावे लागते, त्या घरात मीठही पाठवायचे तर त्यावर साखरेची चिठ्ठी लावूनच पाठवावे, म्हणजे धाकटे त्याकडे बघणार नाहीत व म्हातारीला ते बाधणार नाही. इतका दूरचा विचार ग्वाल्हेरच्या दरबारातही कोणी केला नसता. आपल्या बुद्धीस मी नमस्कार करते.

रुखवताविषयी समर्थने विचारले होते. मी आज सर्वांसमोर सांगितले आहे, की असा साखरांबा माझ्या आयुष्यात मी खाल्लेला नाही, व ते त्याच्या नुसत्या वासावरूनच मला कळले. रुखवत सर्व आपल्या हातचेच असावे, बाहेरचे काही नको. त्यात पुढच्या रांगेत एक मोठी बरणी, चिठ्ठी तीच. आतील वस्तू आपण जाणताच. ती मंडपात माझ्याच हाती द्यावी.

येथील सर्व क्षेम. आपला लोभ असाच गुप्त राहो.

आपली
अलकनंदा


नोएडा
२४ मे

चि. सौ. कुमुद हिस,
द्वारकाअक्काचे अनेक आशीर्वाद, आज अगदी मनापासून.

तुझं पत्र आलं. त्यात तू मान्य केलंस, की चिठ्ठ्यांचा सल्ला तुझा होता. आता मान्य करायची गरज राहिली नाही, पण पत्र मी जपून ठेवलं आहे.

सोबत अलकनंदाबाईंच्या पत्राची नक्कल आहे, मीनाक्षीने उतरवून दिली. त्यांनी लिहिलं आहे, कुणाला दाखवू नये, विशेषतः सुनांना. मला काय माहीत, ते मला सुनेनेच वाचून दाखवलं. पहिल्या चार ओळींनंतर मीनाक्षी थांबली, म्हणाली, आई, मी वाचू नये असं लिहिलंय. मी म्हटलं, मग डोळे मिटून वाच. शेवटाला तिला हसून इतकी उचकी लागली, की तिला साखर द्यावी लागली. आपल्या विहीणबाई फार हुशार आहेत, फक्त त्यांना वाटतं तेवढी मी नाही. त्यांचा गैरसमज दूर करावा असा मला एकदा मोह झाला. मग माझ्या वयाचा विचार केला.

अक्षयाने इव्हेंटवालीला नकार कळवला. परवा ती स्वतः ओट्याशी आली, आणि विचारलं, की कैरीचा कीस कसा करायचा. मी दाखवला. तिने बोट कापून घेतलं, बोटाचा फोटो काढला आणि मग कीस केला. माकडाने केला असता तर बरा झाला असता, पण मी तोच घेतला. तिच्या आजेसासूची मिठाची बरणी तिच्याच हाताने भरून घेतली. कुणासाठी ते तिला सांगितलं नाही. कळेल तिला, दुधी खायची वेळ येईल तेव्हा.

मिरच्या झाल्या, कुरडया झाल्या, लोणचं तुझ्या मोहरीने झकास चढलं. समर्थने मात्र आजीचं बोलणं फार मनावर घेतलं आहे. त्याने अक्षयाला सांगितलंय, की तो साखरांबा आपल्याबरोबर बंगलोरला आलाच पाहिजे. आता खरा साखरांबा कुठून आणू? राहिलेली अर्धी बरणी उल्हासने पोळीबरोबर संपवली, म्हणे टाकून द्यायची कशी. नवीन घालायचा तर लग्नाला पंधरा दिवस उरले, आणि एकवीस दिवसांच्या उन्हाशिवाय मी त्याला साखरांबा म्हणत नाही. गॅसवर शिजवणाऱ्या बायकांना मी चाळीस वर्षं नावं ठेवली आहेत, त्यातल्या तीन लग्नाला येणार आहेत.

तू आणि दिनकरराव लग्नाच्या आठवडाभर आधी या. पंख्याखालची खोली तुमची, स्वेटर आणायची गरज नाही, मिरच्या वाळल्या. आल्यावर दोघी बसून हे सगळं पहिल्यापासून बोलू, म्हणजे तुला मधलं विसरता येईल.

लोभ कर, पण कमी बोल.

तुझी
अक्का

ता. क. (मीनाक्षी, हे नीट लिही आणि वर टीप घालू नकोस.) कुमे, तुझा यंदाचा साखरांबा चैत्रात घातलेला असणार. त्याची मोठी बरणी आधी पाठव, लग्नाच्या आत पोचेल अशी. पाठवण्यापूर्वी वाटीभर पाक करून त्यात घाल, तू नेहमी साखर कमी घालतेस, आणि तो मी केलाय असं वाटलं पाहिजे.